कर वाचवायचा असेल तर हिशेब दोघांच्या नावावर लिहा



१ जूनला बंदी लागली की ३१ जुलैपर्यंत, म्हणजे ६१ दिवस, आपले ट्रॉलर जेटीला असतात. जाळी विणायला निघतात, इंजिनं खोलली जातात, होड्यांना रंग लागतो. याच दिवसांत सोसायटीच्या ऑफिसात दोन प्रश्न घेऊन सभासद येतात. पहिला प्रश्न, बँक कर्जाला तीन वर्षांचे रिटर्न मागते, ते कुठून आणायचे? दुसरा, टॅक्स वाचवायला काय करायचं? गंमत अशी की पुष्कळदा दोन्ही प्रश्न एकाच माणसाचे असतात. टॅक्स वाचवायचा म्हणून त्याने इतकी वर्षं काही लिहिलंच नाही, आणि लिहिलं नाही म्हणून आता कर्ज मिळत नाही.

म्हणून आम्हाला जे वाटतं ते सुरुवातीलाच सांगतो. आपल्यातल्या बहुतेक घरांना आजच्या कायद्याने कर लागतच नाही, किंवा फार थोडा लागतो. तो 'वाचवण्यासाठी' आपण उत्पन्न झाकून ठेवतो आणि त्यापायी कर्ज, विमा, भरपाई, घरातल्या बाईची पत असं बरंच काही घालवतो. त्यातही गोव्यातल्या नवरा-बायकोला कायद्याने एक मोठी सोय दिलेली आहे, जी देशात इतरत्र फारशी कुणाला नाही. ती वापरायची तर हिशेब खरा हवा आणि तो दोघांच्या नावावर हवा.

आधी एक गैरसमज

"मासेमारी म्हणजे शेतीसारखीच, तिला टॅक्स नाही" असं आपल्याकडे सर्रास बोललं जातं. हे खरं नाही. शेतीचं उत्पन्न प्राप्तिकरातून माफ आहे, पण दर्यातली मासळी शेतीत धरली जात नाही. ट्रॉलर असो, पात असो, रापण असो की मासळीची खरेदी-विक्री असो, त्यातला नफा हा धंद्याचा नफा. ताज्या मासळीवर जीएसटी नाही, हे बरोबर आहे. पण जीएसटी वेगळा आणि प्राप्तिकर वेगळा. एक नाही म्हणून दुसरा नाही असं होत नाही.

माफी आहे ती आपल्या सोसायटीला. मच्छीमार सहकारी संस्थेला मासळी पकडणं, साठवणं, प्रक्रिया करणं, विकणं आणि सभासदांना सामान पुरवणं यातून जो नफा होतो, त्यावर कलम ८०पी खाली पूर्ण वजावट मिळते. मात्र त्याला अटी आहेत. संस्थेत मतदानाचा हक्क प्रत्यक्ष मासेमारी किंवा जोडधंदा करणाऱ्या व्यक्ती, कर्ज देणाऱ्या सहकारी पतसंस्था आणि राज्य सरकार एवढ्यांपुरताच हवा, आणि संस्थेचं रिटर्न मुदतीत भरलेलं हवं. मुदत चुकली तर ती वजावट हातची जाते. सभासद करताना आम्ही 'तुमचा धंदा काय' हे दहा वेळा विचारतो त्यामागे हेही एक कारण आहे. संस्थेची ही माफी सभासदाच्या खिशातल्या उत्पन्नाला मात्र लागू होत नाही. त्याचा हिशेब त्याने वेगळा द्यायचा.

मग आपल्याला कर लागतो किती?

२०२५-२६ या वर्षाच्या उत्पन्नाचे नव्या पद्धतीतले टप्पे असे आहेत : ४ लाखांपर्यंत शून्य, ४ ते ८ लाखांवर ५%, ८ ते १२ लाखांवर १०%, १२ ते १६ वर १५%, १६ ते २० वर २०%, २० ते २४ वर २५% आणि त्यापुढे ३०%. कराच्या रकमेवर ४% उपकर. पण एकूण करपात्र उत्पन्न १२ लाखांच्या आत असेल तर ६०,००० रुपयांपर्यंत रिबेट मिळतो आणि कर शून्यावर येतो. शेअर, म्युच्युअल फंड यांच्या विक्रीतल्या नफ्याला मात्र हा रिबेट धरता येत नाही.

इथे उत्पन्न म्हणजे विक्री नव्हे, हे पुन्हा पुन्हा सांगावं लागतं. वर्षाला ६० लाखांची मासळी विकली म्हणजे ६० लाख उत्पन्न होत नाही. डिझेल, बर्फ, खलाशांचा पगार, त्यांचं रेशन, जाळ्यांची दुरुस्ती, इंजिनाचं काम, कर्जावरचं व्याज, विम्याचा हप्ता, बोटीचा घसारा हे सगळं वजा जाऊन राहतं ते उत्पन्न. एवढं वजा करून वर्षाला १२ लाखांच्या वर नफा राहणारी घरं आपल्या गावात किती आहेत, ते तुम्हीच मोजा.

आता कर शून्य म्हणून रिटर्नही नको, असं समजू नका. उत्पन्न ४ लाखांच्या वर गेलं की रिबेटमुळे कर शून्य झाला तरी रिटर्न भरावंच लागतं. धंद्याची वर्षाची उलाढाल ६० लाखांच्या वर गेली तर नफा असो वा तोटा, रिटर्न बंधनकारक आहे. ट्रॉलरवाल्यांनी हे खास ध्यानात ठेवावं. मालाची विक्री ६० लाख ओलांडायला चांगला हंगाम पुरेसा होतो.

गोव्याची खास गोष्ट : कलम ५ए

घर किंवा जमीन विकायची तर नवरा-बायको दोघांची सही लागते, हे गोव्यातल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. पोर्तुगीज नागरी कायद्यापासून चालत आलेली समाईक मालमत्तेची ही पद्धत. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर जे आहे ते दोघांचं, निम्मं-निम्मं. मालमत्तेपुरतं हे आपण जाणतो. पण उत्पन्नालाही हाच नियम आहे, हे फार थोड्यांना ठाऊक आहे.

प्राप्तिकर कायद्यातलं कलम ५ए हेच सांगतं. १९९४ च्या वित्त कायद्याने ते घातलं आणि १ एप्रिल १९६३ पासून लागू धरलं. समाईक मालमत्तेच्या पद्धतीत बसणाऱ्या नवरा-बायकोचं पगाराव्यतिरिक्तचं सगळं उत्पन्न, म्हणजे धंदा, घरभाडं, बँकेचं व्याज, मालमत्ता विकून झालेला नफा, हे दोघांत सारखं वाटलं जातं आणि दोघांच्या उत्पन्नात वेगवेगळं धरलं जातं. पगार मात्र ज्याचा त्याचाच राहतो. १ एप्रिल २०२६ पासून १९६१ च्या कायद्याच्या जागी नवा प्राप्तिकर कायदा आला आणि कलमांचे नंबर बदलले, पण गोव्याची ही तरतूद नव्या कायद्यातही ठेवलेली आहे. २०२५-२६ च्या उत्पन्नाला अजून जुनाच कायदा लागू आहे.

याने काय होतं ते आकड्यांत बघा. समजा एका ट्रॉलरमालकाचा सगळा खर्च वजा जाऊन नफा १८ लाख राहिला आणि बायको घर सांभाळते. सगळे १८ लाख त्याने आपल्या एकट्याच्या नावावर दाखवले तर कर १,६०,००० आणि उपकर ६,४०० मिळून १,६६,४०० रुपये भरावे लागतील. तेच कलम ५ए प्रमाणे ९ लाख त्याचे आणि ९ लाख तिचे असे लिहिले, तर दोघंही १२ लाखांच्या आत. दोघांचा कर शून्य. एक रुपया लपवलेला नाही, एकही पॉलिसी घेतलेली नाही, कुठलं खोटं बिल जोडलेलं नाही. फक्त कायद्यात लिहिलंय तसं लिहिलं.

याला 'आयडिया' म्हणू नका. कायद्यात 'वाटता येईल' असं नाही, 'वाटलं जाईल' असं आहे. म्हणजे ही वाटणी करायचीच आहे. आणि म्हणूनच ती कधीकधी उलटीही बसते. समजा नवऱ्याच्या होडीचा नफा १० लाख आणि बायकोला नोकरीत पगार ९ लाख. वेगवेगळं धरलं असतं तर दोघांचा कर शून्य झाला असता. पण ५ए प्रमाणे होडीचे ५ लाख बायकोच्या खात्यात येतात. तिच्या पगारातून ७५,००० ची प्रमाणित वजावट जाऊन ८,२५,००० राहतात, त्यात ५ लाख मिळवले की १३,२५,००० होतात. तिला उपकरासह ८१,९०० रुपये कर बसतो. अशा घरातली माणसं विचारतात, "आम्ही वाटणी नाही केली तर चालेल का?" आमचं उत्तर : नाही. फायदा झाला की गोव्याचा कायदा आणि तोटा झाला की बाहेरचा, असं करता येत नाही. दोघांच्या सहीशिवाय घर विकता येत नाही, तसंच हे आहे.

काही बारीक गोष्टी लिहून ठेवा. नवरा-बायको दोघांचे पॅन हवेत आणि आधारशी जोडलेले हवेत. दोघांनी आपापलं रिटर्न वेगळं भरायचं. 'सहज' हा सोपा फॉर्म ५ए वाल्यांना चालत नाही. ज्या फॉर्ममध्ये ५ए चा तक्ता आहे तोच घ्यावा लागतो, आणि त्यात जोडीदाराचा पॅन व वाटणीचे आकडे भरावे लागतात. बँकेने व्याजावर टीडीएस कापला असेल तर त्याचीही वाटणी त्याच तक्त्यात दाखवायची. एकाच्या रिटर्नमध्ये एक आकडा आणि दुसऱ्याच्यात दुसरा असं झालं की नोटीस आलीच समजा. म्हणून दोघांची रिटर्न एकाच सीएकडून, एकाच वेळी करून घ्या. लग्नाआधी नोटरीपुढे वेगळ्या मालमत्तेचा करार केला असेल तर तो सीएला दाखवा, कारण मग हे कलम लागत नाही.

मालवण, वेंगुर्ला, कारवारकडचे पाहुणेही आमचं पान वाचतात. त्यांना हे कलम लागू नाही. तिकडे नवऱ्याने आपल्या धंद्याचे पैसे नुसते बायकोच्या नावावर टाकले तर त्यावरचं उत्पन्न पुन्हा नवऱ्याच्याच उत्पन्नात धरलं जातं. मात्र बायको स्वतः टोपली घेऊन बाजारात बसत असेल, स्वतः माल घेऊन विकत असेल, तर ती तिची कमाई. तिचा हिशेब तिच्या नावावर ठेवा. आजवर ती 'घरखर्चाला हातभार' म्हणून सोडून दिली जाते, हे बरोबर नाही.

बाईच्या नावाचा कागद

खरं सांगायचं तर १,६६,४०० वाचले याहून आम्हाला यातली दुसरी गोष्ट मोठी वाटते. आपल्या धंद्यात पुरुष दर्यावर जातो आणि बाकी सगळं बाई करते. लिलावाला उभी राहते, बर्फाचे पैसे देते, खलाशांचं जेवण बघते, सुंगटं-बांगडे निवडते, उधारी वसूल करते. पण कागदावर तिचं नाव कुठेच नाही. बोट त्याच्या नावावर, परवाना त्याच्या, खातं त्याचं.

दर्या कुणाला सांगून खवळत नाही. घरचा कर्ता माणूस गेला की तीच बाई बँकेत जाते आणि मॅनेजर विचारतो, "तुमचं उत्पन्न काय?" वीस वर्षं धंदा केलेली बाई त्या टेबलापुढे 'गृहिणी' होते. ५ए प्रमाणे तीन-चार वर्षं तिच्या नावावर रिटर्न भरलेलं असेल तर तिला गप्प बसावं लागत नाही. तिचं उत्पन्न सरकारच्याच कागदावर आहे. प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत सर्वसाधारण लाभार्थ्याला ४०% अनुदान, तर महिलांना ६०% ठेवलेलं होतं. पण अनुदान सोडून उरलेले पैसे घालायला कर्ज लागतंच आणि कर्जाला कागद लागतो.

रस्त्यावर अपघात झाला तर भरपाई ठरवतानाही कोर्ट आधी उत्पन्नाचा पुरावा मागतं. रिटर्न असेल तर वाद कमी. नसेल तर अंदाजाने ठरतं, आणि अंदाज नेहमी कमीच लागतो. दर वर्षी चार पैसे झाकणाऱ्या माणसाच्या बायको-मुलांना शेवटी त्या झाकलेल्या आकड्यावरच भरपाई घ्यावी लागते.

८% आणि ६% चा सोपा मार्ग

ज्यांना वह्या ठेवणं जमत नाही त्यांच्यासाठी कलम ४४एडी आहे. उलाढाल २ कोटींपर्यंत असेल तर विक्रीच्या कमीत कमी ८% रक्कम नफा म्हणून दाखवायची. जी विक्री बँकेतून, चेकने, यूपीआयने आली तिच्यावर ६%. एकूण जमेत रोख ५% पेक्षा जास्त नसेल तर मर्यादा ३ कोटी. मग वेगळा जमाखर्च मांडायची सक्ती नाही. ६० लाखांची विक्री सगळी रोख असेल तर किमान नफा ४,८०,०००, आणि सगळी बँकेतून असेल तर ३,६०,०००. पण तीन गोष्टी नीट समजून घ्या.

एक, जेटीवर कमिशनवर माल विकून देणाऱ्याला हे कलम नाही. कमिशन आणि दलालीचं उत्पन्न यातून वगळलेलं आहे.

दोन, ८% हा खालचा आकडा आहे. नफा त्याहून खूप जास्त झाला असेल तर तो जास्तच दाखवा. बँक कर्ज देताना तुमच्या बोटीकडे बघत नाही, रिटर्नमधल्या आकड्याकडे बघते. आणि सगळी कमाई १२ लाखांच्या आत, किंवा ५ए प्रमाणे दोघांची मिळून २४ लाखांच्या आत असेल, तर जास्त दाखवून कर वाढतच नाही. मग कमी दाखवायचं तरी कशाला?

तीन, ज्या वर्षी तोटा झाला त्या वर्षी हा मार्ग कामाचा नाही. तारली-बांगडा लागला नाही, इंजिन बसलं, नवीन जाळी घ्यावी लागली, अशा वर्षी खरा हिशेब मांडून तोटा दाखवला आणि रिटर्न मुदतीत भरलं, तर तो तोटा पुढची ८ वर्षं धंद्याच्या नफ्यातून वजा करता येतो. दर्याच्या धंद्यात चांगलं वर्ष आणि वाईट वर्ष हे ठरलेलंच आहे. वाईट वर्षाचा फायदा चांगल्या वर्षात मिळवून देणारी ही सोय आहे, पण ती मुदतीत भरणाऱ्यालाच मिळते. मात्र ४४एडी एकदा घेऊन मधेच सोडलं तर पुढची ५ वर्षं पुन्हा घेता येत नाही, आणि सोडताना उत्पन्न करपात्र मर्यादेच्या वर असेल तर ऑडिटही लागतं. म्हणून हा निर्णय सीएला विचारूनच घ्या.

रोखीचं कसं करायचं?

आपला धंदा रोखीवर चालतो हे आम्हालाही माहीत आहे. पहाटे तीन वाजता लिलावात चेकबुक कोण काढणार? कायद्यालाही ते थोडंफार कळलेलं आहे. खरा हिशेब मांडणाऱ्याला एका दिवसात एका माणसाला १०,००० रुपयांच्या वर रोख दिलेला खर्च सहसा वजा मिळत नाही, पण मासळी पकडणाऱ्याकडून थेट मासळी घेताना त्याला सूट आहे. ही सूट मासळीच्या खरेदीपुरती आहे. खलाशाचा महिन्याचा पगार, इंजिनाचं काम, बर्फाचं मोठं बिल या गोष्टी बँकेतून द्या. खलाशी झारखंड, ओडिशाचा असला तरी आज त्याच्याकडे खातं आहे. त्यालाही पैसे घरी पाठवायला ते बरं पडतं.

कर्जाच्या बाबतीत मात्र सूट नाही असंच समजून चाला. २०,००० किंवा त्याहून जास्त कर्ज, आगाऊ उचल किंवा ठेव रोख घेऊ नका, आणि परतफेडही रोख करू नका. दंड त्या रकमेएवढाच बसू शकतो. व्यापाऱ्याकडून हंगामाच्या तोंडावर लाखभर रुपये रोख उचलणाऱ्यांनी हे वाचून ठेवावं.

आणखी एक. जुन्या कायद्यात मागच्या तीन वर्षांचं रिटर्न न भरलेल्याने वर्षाला बँकेतून २० लाखांच्या वर रोख काढली तर त्यावर २% टीडीएस कापला जायचा आणि १ कोटीच्या वर ५%. रिटर्न भरणाऱ्याला तो १ कोटीपर्यंत लागत नव्हता. डिझेल आणि खलाशांसाठी रोख काढणाऱ्या ट्रॉलरमालकाला न भरलेलं रिटर्न असं महाग पडायचं. डिझेलवरच्या व्हॅटचा परतावा आणि इतर अनुदान खात्यात येतं, तेही हिशेबात धरा. ते बँकेत दिसतंच.

पॉलिसी आणि 'रिफंड मिळवून देतो' वाले

फेब्रुवारी-मार्चमध्ये घरोघरी पॉलिसी विकणारे फिरतात. "टॅक्स वाचेल" हे त्यांचं पहिलं वाक्य. नव्या कर पद्धतीत ८०सी ची दीड लाखाची वजावट नाहीच. आणि ज्याला करच नाही त्याने कर वाचवायला काय म्हणून पॉलिसी घ्यायची? जुन्या पद्धतीत ८०सी, आरोग्य विमा, घरकर्जाचं व्याज यांच्या वजावटी आहेत, पण तिथे करमुक्त मर्यादा अडीच लाखच आहे आणि दरही चढे आहेत. मोठं घरकर्ज वगैरे असेल तर सीएकडून दोन्ही हिशेब करून बघा. एवढं लक्षात ठेवा की धंद्याचं उत्पन्न असणाऱ्याला दर वर्षी इकडून तिकडे उड्या मारता येत नाहीत.

विमा जरूर घ्या, पण तो संकटासाठी. साधा मुदतीचा आयुर्विमा, अपघात विमा आणि घरच्यांचा आरोग्य विमा. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विमा आणि आरोग्य विम्याच्या हप्त्यावर जीएसटीही नाही.

दुसरी जमात 'रिफंड मिळवून देतो' म्हणणाऱ्यांची. खोटी देणगी, खोटं घरभाडं, खोटा वैद्यकीय खर्च लिहून रिफंड काढतात आणि त्यातला वाटा घेतात. ते रिटर्न तुमच्या पॅनवर जातं. चुकीची माहिती देऊन उत्पन्न कमी दाखवलं असं ठरलं तर चुकवलेल्या कराच्या २००% दंड आहे. नोटीस आली की तो माणूस फोन उचलत नाही.

"पण योजना बंद झाल्या तर?"

हा प्रश्न आम्हाला सगळ्यांत जास्त विचारला जातो, आणि तो खोटा नाही. गृह आधारला कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ३ लाखांच्या आत लागतं. महिना १,५०० म्हणजे वर्षाला १८,००० रुपये मिळतात. रिटर्नमध्ये उत्पन्न जास्त दिसलं तर ते जाईल, ही भीती असते.

ज्याचं उत्पन्न खरोखर ३ लाखांच्या आत आहे त्याचं खऱ्या रिटर्नने काही बिघडत नाही, उलट पुरावाच होतो. ज्याचं जास्त आहे त्याने साधा हिशेब करावा. समजा कागद नाही म्हणून इंजिनासाठी ५ लाख खासगी सावकाराकडून महिना २% ने घेतले. वर्षाचं व्याज १,२०,०००. तेच बँकेतून वर्षाला १०% ने मिळाले असते तर ५०,०००. म्हणजे १८,००० धरून ठेवायला ७०,००० घालवले. आणि ती योजना ज्या घरासाठी आहे ते घर आपल्याच वाड्यावर असतं, हेही विसरू नये. स्पष्ट बोललो म्हणून राग मानू नका.

बंदीच्या दिवसांत करायची कामं

१. नवरा-बायको दोघांचे पॅन, आधार, बँक पासबुक एका पिशवीत काढा. बायकोचा पॅन नसेल तर आधी तो काढा.

२. सोसायटीतून वर्षाचं विक्रीचं, डिझेलचं आणि बर्फाचं स्टेटमेंट घेऊन जा. ऑफिसात मागितलं की मिळतं.

३. खलाशांच्या नावांची आणि दिलेल्या पैशांची वही लिहून काढा. इंजिन, जाळी यांची बिलं लावून ठेवा.

४. पोर्टलवर आपलं एआयएस काढून बघा. बँकेने, व्यापाऱ्याने तुमच्या पॅनवर काय कळवलंय ते त्यात दिसतं. आपला आकडा त्याच्याशी जुळवा.

५. सीएला पहिलंच वाक्य सांगा : "आम्हाला ५ए लागू आहे." गोव्याबाहेरच्या किंवा ऑनलाइन भरून देणाऱ्यांना हे पुष्कळदा माहीत नसतं.

६. उत्पन्नावर कर लागत नसेल आणि बँकेने व्याजावर टीडीएस कापू नये असं वाटत असेल तर वर्षाच्या सुरुवातीलाच १५जी, किंवा ६० वर्षांवरच्यांसाठी १५एच, द्यायची पद्धत होती. नव्या कायद्यात फॉर्मचे नंबरही बदललेत, म्हणून बँकेत विचारून घ्या.

७. मागची वर्षं राहिली असतील तर सुधारित, म्हणजे अपडेटेड रिटर्नची सोय आहे. जादा कर भरून ४८ महिन्यांपर्यंत मागचं भरता येतं. जितका उशीर तितका जादा कर जास्त.

रिटर्नची नेहमीची तारीख बरीच वर्षं ३१ जुलै राहिली आहे, म्हणजे नेमका बंदी संपण्याचा दिवस. यंदाची तारीख पोर्टलवर पाहून घ्या, पण मुदतवाढ मिळेल या भरवशावर बसू नका. १ ऑगस्टला बोटी सुटल्या की हिशेबाला कुणाला वेळ नसतो. उशीर झाला तर ५,००० रुपये फी, उत्पन्न ५ लाखांच्या आत असेल तर १,०००. आणि तोटा पुढे न्यायची सोय जाते ती वेगळीच.

सोसायटी म्हणून आमचं म्हणणं एवढंच आहे. सरकारकडे डिझेलच्या सवलतीसाठी, जेटीच्या कामासाठी, नुकसानभरपाईसाठी आपण जातो तेव्हा पहिला प्रश्न येतो, "तुमचं नुकसान झालं ते कशावरून?" आपल्या रिटर्नमध्ये धंदाच दिसत नसेल तर नुकसान कुठून दिसणार? एकेका घराचा खरा हिशेब कागदावर आला की सगळ्या धंद्याचं वजन वाढतं.

या जुलैत सीएकडे जाल तेव्हा एकटे जाऊ नका, घरच्या बाईला सोबत न्या. तिचीही सही लागणार आहे, आणि निम्मा हिशेब तिचा आहे.

आपला,
सचिव